उभ्या एसटीत

माझं माहेर शहापूरचं आणि सासर मुरबाड तालुक्यातलं, धसईजवळचं. लग्नानंतर मी धसईच्याच शाळेत गणित शिकवायला लागले. आमच्या घराच्या ओट्यावर उभं राहिलं की समोर सह्याद्रीची भिंत दिसते आणि तिच्यापुढे एकटाच उभा असलेला गोरखगडाचा सुळका. पहिली काही वर्षं मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिकडे बघत बसायचे. कधी धुक्यात सुळका अर्धा नाहीसा व्हायचा, कधी नुसतं टोक हवेत तरंगताना दिसायचं. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाला कसली भीती वाटणार, असं मला वाटायचं.

भीती आली ती म्हसा गावच्या जत्रेत, भर दुपारी.

नवऱ्याने मुलीला खांद्यावर घेतलं होतं. तिच्या हातात भोंगा होता आणि ती तो सारखा वाजवत होती. मी एका दुकानात घोंगडी बघत होते, दोन बोटांत धरून लोकर किती जाड आहे ते चाचपत होते. आणि एकाएकी सगळे आवाज लांब गेले. पाळण्याचा कर्णा, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, मुलीचा भोंगा, सगळं भिंतीपलीकडून यावं तसं येऊ लागलं. बोटांत घोंगडी होती, पण ती बोटं माझी वाटेनात. छाती धडधडायला लागली, घसा आवळला. आता आपण मरणार, एवढा एकच विचार डोक्यात राहिला.

"मला काहीतरी होतंय," मी नवऱ्याला म्हटलं.

"काय होतंय?"

तेच तर सांगता येत नव्हतं. दुकानदाराच्या बायकोने मला घोंगड्यांच्या ढिगावर बसवलं, पाणी दिलं, पदराने वारा घातला. नवऱ्याने तिथून थेट मुरबाडला डॉक्टरांकडे नेलं. छातीला तारा लावून पट्टी काढली. डॉक्टर ती बघून हसले आणि म्हणाले, "हृदय एकदम छान आहे तुमचं." नवऱ्याने सुटकेचा श्वास सोडला. मला मात्र लाज वाटली. काहीतरी निघालं असतं तर बरं झालं असतं, असंही क्षणभर वाटलं. मग एवढं झालं कशामुळे?

त्यानंतर ते पुन्हा आलं. फळ्यावर समीकरण लिहिताना आलं, भाकरी थापताना आलं. एकदा एसटीत, सरळ रस्त्यावर, खिडकीतून छान वारा येत असताना आलं. मग त्याच्या येण्याचीच भीती बसली. मी एसटी सोडली. नवरा मोटारसायकलने शाळेत सोडायला लागला. मुरबाडला शिक्षकांची बैठक असली की मी काहीतरी कारण काढून टाळायचे. आई शहापूरहून फोन करायची, "कधी येतेस गं?" मी म्हणायचे, "परीक्षा आहेत." शाळेत इतक्या परीक्षा कधीच नसतात, हे आईलाही कळत होतं.

शेजारच्या काकू एकदा हळूच म्हणाल्या, "जत्रेतनं आलंय ते. बाहेरचं असंल. एकाला दाखवून आणू." माझे सासरे ओट्यावर पेपर वाचत होते. रोज संध्याकाळी विहारात जाऊन वंदना घेणारा, आवाज न चढवणारा माणूस. त्यांनी चष्मा काढला. "आमच्या घरातनं अंगारे धुपारे माझ्या बापानंच बाहेर काढले," ते म्हणाले. "मनाचापण डॉक्टर असतो. तिकडं जायचं." आणि नवऱ्याला म्हणाले, "उद्या शाळेला सुट्टी टाकायला सांग तिला."

मग आम्ही कल्याणला गेलो. सगळा रस्ता मी नवऱ्याच्या पाठीला डोकं टेकून, डोळे मिटून बसले होते. डॉक्टर बाई होत्या. त्यांनी मध्ये न बोलता माझं सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तुम्ही वेड्या नाही, आणि यातून मरणारही नाही. धोका नसताना तुमचं शरीर धोका समजतंय, एवढंच. याला चिंतेचा आजार म्हणतात. पुष्कळांना असतो." गोळ्या दिल्या. श्वास सावकाश कसा सोडायचा ते शिकवलं. गोळ्यांनी धार कमी झाली, रात्रीची झोप परत आली. पण भीती वाटते म्हणून मी जी एकेक गोष्ट सोडून दिली होती, ती गोळ्यांनी आपोआप परत येणार नव्हती.

आता माझ्या नणंदेबद्दल सांगते. नवऱ्यापेक्षा ती बरीच मोठी. मी तिला ताई म्हणते. तिचा नवरा गेल्यावर ती माहेरी आली आणि घरामागच्या दोन खोल्यांत राहायला लागली. परसात भेंडी, वांगी, दुधी लावायची आणि पाटी डोक्यावर घेऊन धसईच्या बाजाराला चालत जायची. कुठेही चालतच जायची. बोलणं कमी. माझ्या आजाराबद्दल तिने मला कधी काही विचारलं नाही. उन्हाळा सुरू झाला तशी एका रविवारी दारात येऊन म्हणाली, "घरात बसून काय करतेस गो? चल नदीवर. धुणं हाय."

घरात नळ आहे, धुण्याचा दगड आहे. तरी मी गेले.

उन्हाळ्यात आमची नदी बारीक होते, पण एका वळणावर, करंजाच्या झाडांखाली, डोह राहतो. पाणी हिरवं आणि तळ दिसेल इतकं स्वच्छ. ताईने कपडे धुतले, खडकावर वाळत घातले आणि साडीचा काष्टा मारून सरळ डोहात उतरली. मी बघतच राहिले. एरवी दोन शब्दांपलीकडे न जाणारी ही बाई पाण्यात वेगळीच होती. ती पोहली, बुडी मारून पलीकडे निघाली, मग पाठीवर पडून नुसती राहिली. करंजाची फुलं गळून पाण्यावर आली होती, ती तिच्या केसांभोवती फिरत होती.

"ये," ती म्हणाली.

"मला पोहता येत नाही."

"मग पाय घालून बस."

कितीतरी रविवार मी पाय घालून बसले. बारके मासे येऊन टाचा कुरतडायचे. मग गुडघ्यापर्यंत उतरले, मग कमरेपर्यंत. एक दिवस तिने माझ्या पाठीखाली हात धरला आणि म्हणाली, "मान सोड. कान पाण्यात जाऊ दे." कान पाण्यात गेले आणि जगाचा आवाज बंद झाला. जत्रेत असाच बंद झाला होता. मी दचकले, पाय झाडले, नाकात पाणी गेलं, खोकत उभी राहिले. ताई हसली नाही. "परत," म्हणाली.

पुन्हा कान पाण्यात गेले. या वेळी मला माझाच श्वास ऐकू आला, आत येणारा आणि बाहेर जाणारा, एखाद्या मोठ्या जनावराने शेजारी झोपून घ्यावा तसा. वर करंजाच्या पानांत ऊन हलत होतं. त्याच्याही वर घार होती. ताईचा हात पाठीखालून कधी निघून गेला ते मला कळलं नाही. कितीतरी वेळ मी कुठेच नव्हते. मी मेले तर, मी पडले तर, लोक काय म्हणतील, हे वाक्य मनात सुरू व्हायचं आणि अर्ध्यावरच विरून जायचं.

यामुळे आजार गेला, असं नाही. पण एवढं कळलं की ते लांब जाणं दर वेळी मरणाकडेच नेत नाही. मी स्वतःच्या बारीकसारीक युक्त्या शोधल्या. वर्गात धडधड सुरू झाली की मुलांना सतराचा पाढा उलटा म्हणायला लावते आणि त्यांच्याबरोबर मीही म्हणते. उलटा म्हणताना इतकं लक्ष लागतं की दुसऱ्या कशाला जागा उरत नाही. घरी असले तर तांदूळ घेऊन निवडायला बसते, निवडलेले असले तरी. माठातलं पाणी मनगटावर सोडते. पावसाळ्यात लावणीला गेले, गुडघाभर चिखलात वाकून रोपं खोचत राहिले. त्या दिवसांत ते एकदाही आलं नाही. एसटीत मात्र मी अजून बसत नव्हते.

दिवाळी झाली, भात कापून खळ्यावर आलं. एके सकाळी ताईने माझ्यासाठी चहा ओतला तो कपाच्या बाहेर. मग लक्षात आलं की ती हल्ली उंबरा पायाने चाचपून ओलांडते. गावात डोळे तपासायला लोक आले होते. त्यांनी सांगितलं, मोतीबिंदू पिकलाय, लवकर ऑपरेशन करा. शहापूरला करायचं ठरलं, म्हणजे माझ्या आईकडे चार दिवस राहता येईल. ताई म्हणाली, भाताची झोडणी होऊ दे. झोडणी झाली, तर म्हणाली, वाल पेरू दे. वाल उगवले, तरी तिचं काहीतरी निघतच होतं. नवरा वैतागला, "आंधळी झाल्यावर जाणार हायेस का?" ती उठून परसात गेली.

पुढच्या रविवारी नदीवर मी विचारलं, "ताई, ऑपरेशनची भीती वाटते का?"

"त्याची कसली भीती? ते डॉक्टरचं काम, डॉक्टर करंल."

"मग?"

ती कपडे आपटत राहिली. एक चादर धुऊन झाली तरी ती तीच पुन्हा आपटत होती. मग हात थांबवून म्हणाली, "गाडीत बसावं लागंल ना."

तेव्हा मला ती गोष्ट कळली. घरात सगळ्यांना ठाऊक होती, पण कोणी बोलत नव्हतं. तिचा नवरा जीपगाडी उलटून गेला, हे मला माहीत होतं. त्याच जीपमध्ये तीही होती, हे माहीत नव्हतं. दोघं एका लग्नाला चालली होती. तिला खरचटलंसुद्धा नाही. "तवापासून गाडी बघितली की हात गार पडतात," ती म्हणाली. "छातीत असं धाडधाड. तोंडाला कोरड. म्हणून चालते. चालणाऱ्याला कोण काय विचारत नाय."

माझ्या अंगात होतं ते सगळं तिने जसंच्या तसं सांगितलं होतं. इतकी वर्षं ती माझ्या भिंतीपलीकडे राहत होती.

"ताई, मलाही तसंच होतं."

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "म्हणून तर तुला पाण्यावर आणली."

आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. कल्याणच्या डॉक्टर बाईंनी मला सांगितलं होतं की भीतीच्या गोष्टीकडे एकदम जाऊ नका, थोडं थोडं जा. धसईला मुरबाडची एसटी सुटायच्या आधी बराच वेळ उभी असते. शाळा सुटल्यावर मी ताईला घेऊन त्या उभ्या एसटीत चढले. आम्ही दाराजवळच्या बाकावर बसलो. ताईने पुढचा दांडा इतका घट्ट धरला होता की तिच्या बांगड्या हलत नव्हत्या. माझंही काही वेगळं नव्हतं. कंडक्टर आला, "कुठं, मुरबाड?"

"नाही," मी म्हटलं. "आम्ही नुसत्याच बसलोय."

इंजिन सुरू झालं तशा आम्ही उतरलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तिसऱ्या दिवशी कंडक्टरच म्हणाला, "बसा बसा. आज पण नुसत्याच का?" बाजारातल्या बायकांना वाटलं, मास्तरीणबाई आणि तिची नणंद दोघींच्या डोक्यावर परिणाम झालाय. ताईला त्याचं हसू यायला लागलं. हसू आलं की तिचा हात दांड्यावरून सुटायचा.

मग एक दिवस आम्ही उतरलोच नाही. पुढच्या फाट्यापर्यंत गेलो आणि शेतांच्या कडेने चालत परत आलो. पुन्हा एकदा त्याच्या पुढच्या गावापर्यंत. ताई गाडीत डोळे घट्ट मिटून घ्यायची. तिने मला सांगितलं, "तू बोलत रहा. काय दिसतंय ते सांग. गप राहिलीस की मला जीप दिसते." मग मी सांगायची सवय लावून घेतली. मुरबाडपर्यंत जाऊन आलो. स्टँडवर वडापाव खाल्ला. त्या दिवशी घरी परतल्यावर ताईने माझ्या सासऱ्यांना म्हणजे तिच्या वडिलांना सांगितलं, "बाबा, शहापूरला जायाचा दिवस ठरवा." सासऱ्यांनी पेपर खाली ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

मुरबाडहून शहापूरला जाणारी एसटी सरळगाव, किन्हवलीवरून जाते. त्या सकाळी इतकं धुकं होतं की गाडी दिवे लावून निघाली. ताई खिडकीपाशी, डोळे मिटून. मी तिच्या कानाशी. सांगत होते ते मलाही पुरतं दिसत नव्हतं. आता डावीकडे पेंढ्याची उडवी आली, ताई. एकच उडवी, बाकी सगळं पांढरं. आता सागाची झाडं, पानं गळायला लागलीत. एक बाई डोक्यावर लाकडं घेऊन चाललीय, तिचे पाय दिसत नाहीत, ती नुसती सरकतेय. आता वीटभट्टी, धूर वर न जाता आडवा पसरलाय. आता एक कुत्रं गाडीशी शर्यत लावतंय, हरलं. आता ऊन आलं, ताई, एका बाजूने आलं, धुकं पिवळं झालंय, त्याच्यात कोणीतरी सायकल हातात धरून उभा आहे. माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा वाटू लागला, निवांत, झोप आणणारा. ताईचा श्वास संथ झाला होता.

किन्हवलीच्या पुढे रस्त्यात म्हशी आल्या. ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला. सगळे पुढे आपटले. कोणाचं तरी पोर रडायला लागलं. आणि मला ते झालं. हात माझे वाटेनात, आवाज लांब गेला, घसा आवळला. मी बोलायची थांबले.

"गप का झालीस?" ताई म्हणाली. डोळे मिटलेलेच. "सांग ना."

"ताई, मला होतंय."

तिने चाचपत माझा हात शोधला. तिचाही हात बर्फासारखा होता. "होऊ दे," ती म्हणाली. "मला पण होतंय. बाहेर काय हाय?"

"म्हशी."

"किती?"

"पुष्कळ आहेत."

"मोज."

मी मोजायला लागले. त्या सारख्या एकमेकींमागे जात होत्या, पुन्हा पुढे येत होत्या, मोजणी चुकत होती. एक रेडकू मध्येच रस्त्यात बसलं. गुराखी त्याच्याशी भांडायला लागला, ते उठेना. मी ताईला तेही सांगितलं. सांगता सांगता माझा घसा मोकळा झाला. गाडी हलली तेव्हा ताईने डोळे उघडले होते. मोतीबिंदूमुळे तिला काय दिसत होतं कोण जाणे, पण ती बाहेर बघत होती.

शहापूरच्या स्टँडवर आई उभी होती. इतक्या महिन्यांनी मी एसटीतून उतरत होते. आधी तिने ताईची पिशवी घेतली, मग माझी. घरी तिने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी केली होती. ताईचं ऑपरेशन चांगलं झालं. पट्टी काढली त्या दिवशी ती आईच्या स्वयंपाकघरात उभी राहून भिंतीवरची डबे ठेवलेली फळी बघत होती. "एवढे रंग?" म्हणाली.

परत निघायच्या आदल्या दिवशी ताई स्वतःच म्हणाली, "तानसा बघायचाय." मुंबईला पाणी पुरवणाऱ्या या तलावाबद्दल आमच्या शेतावरून जाणारी माणसं बोलायची, तेव्हापासून तिच्या मनात होतं म्हणे. आई, ती आणि मी रिक्षाने गेलो. काळा चष्मा लावून ती तलावाच्या काठाजवळ बराच वेळ उभी राहिली. पाणी पार डोंगरापर्यंत गेलं होतं आणि डोंगर त्यात उलटे पडले होते. वारा नव्हता. लांब एक बगळा उडाला, त्याच्याखाली पाण्यात दुसराही उडाला.

"एवढं पाणी सगळं मुंबईला?"

"हो."

"मग आपल्याला?"

"आपल्याला टँकर," आई म्हणाली, आणि आम्ही तिघी हसलो. हसण्यासारखी गोष्ट नव्हती, तरी हसलो.

आता याला काही काळ झाला. माझ्या गोळ्या डॉक्टर बाईंनी हळूहळू कमी केल्या आहेत, बंद केलेल्या नाहीत. ते अजून येतं. गेल्या महिन्यात शाळेच्या कार्यक्रमात व्यासपीठावर बसले असताना आलं. मी शेजारच्या बाईंना सांगितलं, "मला थोडं घाबरल्यासारखं होतंय, पाच मिनिटं नुसतीच बसते." पूर्वी हे वाक्य तोंडातून निघालं नसतं. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाल्या, "माझ्या भावालाही असंच होतं." कार्यक्रम संपल्यावर आम्ही त्यांच्या भावाबद्दल बोलत बसलो.

परवा ताईच्या सासरच्या पुतण्याचं लग्न होतं. नवऱ्याला वेळ नव्हता, मला शाळा होती. ताईने पिशवी भरली, नवी साडी नेसली आणि म्हणाली, "मी जाते एकटी." सासरे तिला स्टँडपर्यंत पोचवायला निघाले, तर तिने त्यांनाही परत पाठवलं. दिवसभर वर्गात माझं लक्ष फोनकडे होतं. दुपारच्या सुट्टीत तो वाजला. मागे ताशा जोरात वाजत होता.

"पोचले गो," ताई ओरडून म्हणाली. "जेवायला बसतात आता. तू जेवलीस का?"

डबा समोर तसाच होता. मी तो उघडला.